कानाखालचा उजेड

संत्रा बर्फीचा डबा माझ्या टेबलावर ठेवत प्रवीण डाखोरे म्हणाला, "मॅडम, आधी तोंड गोड करा. मंग रिपोर्ट द्या."

"रिपोर्ट झालेला नाही."

"काहून? मुंडले सरांनी तर परवाच सांगतलं. पोरगी साफ आहे म्हने."

"सरांनी चित्रं पाहिली असतील. रिपोर्ट मी लिहिते."

"मंग लिहा ना. आमी बसतो."

तो बसला. त्याची बायको शुभांगी दारातच उभी राहिली. तिच्या कडेवर पूर्वा होती, पाच वर्षांची. डोक्यावर केस नव्हते म्हणून लोकरीची टोपी घातलेली. हातातली बर्फी ती कडेकडेनं कुरतडत होती.

"स्कॅन पुन्हा करावा लागेल," मी म्हणाले.

"बिघडला काय?"

"बिघडला नाही. मला पटलेला नाही."

"तुमाले पटला नाही." त्यानं ते शब्द सावकाश उच्चारले. "मॅडम, मी आर्वी डेपोत मेकॅनिक आहो. गाडी चालू झाली, का मी ड्रायव्हरले असं नाही म्हनत, का मले पटली नाही."

"ब्रेक न बघता सोडता?"

"ब्रेक मुंडले सरांनी पाहिले."

मी शुभांगीकडे वळले. "स्कॅनच्या आधी हिला घरचं काही औषध दिलं होतं? ताप, खोकला, पोटाचं..."

"नाही." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं उत्तर दिलं.

"हे बी विचारलं होतं तुमच्या मानसानं," प्रवीण उठला. डबा मात्र त्यानं उचलला नाही. "डेपोत पेढे वाटले मी काल. सासऱ्याले फोन केला, साऱ्या गावाले सांगतलं. आता सांगू काय, का एका मॅडमले पटलं नाही म्हनून?"

नागपुरातल्या त्या हॉस्पिटलात मी तेव्हा स्कॅन विभाग सांभाळत होते. पूर्वाला न्यूरोब्लास्टोमा होता. मज्जातंतूंच्या कच्च्या पेशींपासून लहान मुलांना होणारा हा कर्करोग पोटात सुरू होतो आणि बरेचदा हाडांत जाऊन बसतो. या पेशींना एका विशिष्ट रसायनाची भूक असते. आम्ही त्या रसायनाला थोडा किरणोत्सार जोडून शिरेतून देतो आणि दुसऱ्या दिवशी मुलाला भूल देऊन कॅमेऱ्याखाली निजवतो. आजार जिथे असेल तिथे पडद्यावर उजेड दिसतो. पूर्वाच्या पहिल्या स्कॅनमध्ये कवटीपासून गुडघ्यांपर्यंत नुसता उजेड होता. मग मुंडल्यांची औषधं झाली, पोटातली गाठ काढून झाली, पुन्हा औषधं झाली. आता पडद्यावर हाडं पूर्ण काळोखी होती.

याच सुमारास आमच्या हॉस्पिटलला एका नव्या औषधाच्या अभ्यासात जागा मिळाली होती. हे औषध सगळ्या शरीरावर मारा करत नव्हतं. कर्करोगाच्या पेशीच्या अंगावरची एक खूण ओळखून ते तिलाच धरत होतं. अभ्यासाची अट एकच होती. एवढे उपचार होऊनही ज्याच्या हाडांत आजार शिल्लक आहे, अशाच मुलाला ते मिळणार होतं. नावं महिनाअखेरीला बंद होणार होती. म्हणजे साफ असलेलं मूल घरी जाणार आणि साफ नसलेल्याला औषध मिळणार. पूर्वाचा स्कॅन खोटं बोलत असेल, तर ती हाडांतला आजार घेऊन आर्वीला जाणार होती आणि आजार परत डोकं वर काढेपर्यंत तिची जागा दुसऱ्या कुणाला गेलेली असणार होती.

डॉ. मुंडले लहान मुलांच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या खोलीतल्या एका भिंतीवर साफ होऊन घरी गेलेल्या मुलांचे फोटो होते. प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार. जानेवारीत ते मोठ्या परिषदेत स्वतःच्या उपचारपद्धतीचे निकाल मांडणार होते.

"कोलते, तुम्ही पालकांना काय सांगितलंत?" मी आत जाताच त्यांनी विचारलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"पुन्हा स्कॅन करावा लागेल."

"कशासाठी? हाडात काही दिसतंय?"

"नाही."

"यकृतात? पोटात?"

"नाही. कुठेच काही दिसत नाही. तीच अडचण आहे."

ते हसले. "आजार दिसत नाही ही अडचण असणाऱ्या तुम्ही पहिल्याच डॉक्टर."

"सर, जबड्याच्या मागे, कानाखाली बघा. लाळेच्या ग्रंथी. निरोगी मुलाच्यासुद्धा तिथे उजेड येतो, कारण त्यांनाही हेच रसायन लागतं. हृदयाच्या जागीही थोडा येतो. हिच्या पहिल्या स्कॅनमध्ये दोन्ही होतं. या स्कॅनमध्ये दोन्ही नाही. रसायन शरीरात गेलं, पण पेशींनी ते उचललंच नाही. कशानं तरी त्यांची तोंडं बंद केली आहेत. मग आजारी पेशींचीही केली असणार."

"कशानं?"

"बहुधा कुठल्या तरी औषधानं. आई नाही म्हणते."

"नाही म्हणते ना? मग विषय संपला." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हाडातल्या मज्जेची तपासणी झाली आहे. स्वच्छ आहे."

"सुई जिथे टोचली तिथली स्वच्छ आहे."

"थुंकी कमी पडली म्हणून मी पाच वर्षांच्या मुलीला पुन्हा भूल देऊ, पुन्हा किरणोत्सार देऊ? बाहेर तुमच्याबद्दल काय बोलतात माहीत आहे? अभ्यासात नावं कमी पडताहेत आणि कोलते आजार शोधत फिरताहेत."

"असं कोण बोलतं?"

"मी बोलतो," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत सही करून रिपोर्ट पाठवा. नाही तर मी मुंबईला चित्रं पाठवून दुसऱ्याकडून लिहून घेईन. मग तुमच्या खात्यात माझं काम येणार नाही."

मी सही केली नाही. जेवणाची सुट्टी झाली तशी हॉस्पिटलच्या मागच्या धर्मशाळेत गेले. बाहेरगावची मुलं आणि त्यांच्या आया तिथे महिनोन्महिने राहत. लांबच लांब हॉल, लोखंडी खाटा, खाटांच्या दांड्यांवर वाळत घातलेली लुगडी, एका कोपऱ्यात स्टोव्ह. शुभांगी पिशवी भरत होती. मला पाहून तिचे हात थांबले नाहीत.

"रिपोर्ट आनला काय?"

"नाही. एक गोष्ट विचारायची आहे. प्रवीणराव नाहीत तोवर."

"काय विचारता? किती डाव विचारता?" तिनं टॉवेलची घडी पिशवीत कोंबली. "तुमाले माह्या पोरीच्या हाडात रोग पाहाचाच आहे काय? एवढी हौस आहे? बाकीचे डॉक्टर हात जोडते देवाले का बाप्पा पोरगी सुटली, अन् तुमी..."

"मला तो बघायचा नाही. तो आहे की नाही, हे बघायचं आहे."

"एकच झालं."

पूर्वा खाटेवर बसून रिकाम्या सलाईनच्या बाटलीत राजमा टाकून वाजवत होती. पलीकडच्या खाटेवर एक बाई मुलाला मांडीवर आडवं धरून चमच्यानं औषध पाजत होती. लालसर, दाट. मुलाचं नाक वाहत होतं. औषध तोंडातून ओघळलं, तसं तिनं बोटानं निपटून परत आत ढकललं.

"काय देता हे?" मी विचारलं.

"सर्दीचं जी. परवा स्कॅन हाये याचा."

"मग सर्दीचं औषध कशाला?"

बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाहेरगावची आणि ती हॉस्पिटलची. "नाक वाहलं तं भूल देत नाही ना मॅडम. वापस पाठवते. मंग पुन्हा तारीख नाही भेटत. नाक कोरडं करून आना म्हनते सिस्टर. इथं सारेच देते." तिनं बाटलीला बूच लावलं. "माह्याजवळ नव्हती. शुभांगीताईनं देल्ली आपली."

बाटली अर्ध्याहून जास्त रिकामी होती. मी ती हातात घेऊन मागचं छापील वाचलं. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून सर्दी सुकवणारं औषध. तेच औषध पेशींना आमचं रसायन उचलू देत नाही. हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. पण आमचा माणूस पालकांना विचारायचा, "घरचं काही औषध?" आणि या हॉलमध्ये सर्दीच्या बाटलीला कुणी औषध म्हणत नव्हतं.

शुभांगीनं झेप घेऊन बाटली माझ्या हातातून ओढली.

"किती दिलंत?" मी विचारलं.

"मी काही नाही देल्लं."

"ताई, आता तं तुमीच देल्ली ना मले," पलीकडची बाई म्हणाली.

"तू गप बैस!" तिच्यावर ओरडून शुभांगी माझ्याकडे वळली. आवाज एकदम खाली आला. "दोन वेळा तारीख गेली होती आमची सर्दीनं. आर्वीवरून पहाटेच्या गाडीनं पोरीले घेऊन यायचं अन् दारातून वापस. यांचा पगार कापते डेपोत. तिसऱ्यांदा गेली असती तं यांनी मले घरात नसतं घेतलं. यांना सांगू नका. तुमाले सांगून ठेवतो, यांच्यासमोर विचारलं तं मी नाहीच म्हनीन."

"मग पूर्वा साफ आहे असं समजून घरी जाईल."

"जाऊ द्या ना घरी!" तिनं बाटली पिशवीत तळाशी दडवली. "एक डाव तं जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट न घेता मुंडल्यांच्या खोलीत गेले. डाखोरे नवरा-बायको आधीच तिथे बसले होते. वॉर्डच्या सिस्टर कावळे भिंतीवरच्या फोटोंखाली उभ्या होत्या. प्रवीणच्या हातात हार होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पूर्वाला बाहेर बाकावर बसवलं होतं.

"आणलात?" मुंडले म्हणाले.

"नाही. सर, स्कॅनच्या आधी मुलीला सर्दीचं औषध दिलं गेलं आहे. मी बाटली पाहिली. रसायन त्यानंच अडवलं. हा स्कॅन ग्राह्य धरता येणार नाही."

प्रवीण बायकोकडे वळला. "देल्लं होतं काय तू?"

"नाही," शुभांगी म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती.

"ऐकलं?" प्रवीण माझ्यावर धावून आल्यासारखा उभा राहिला. "ऐकलं ना तुमी? काय घेतलं मॅडम तुमचं आमी? गरीब मानूस आहो म्हनून त्याच्या पोरीवर प्रयोग? त्या नव्या औषधाची कंपनी तुमाले काय देते, थे तं सांगा!"

"प्रवीणराव, बसा," मुंडले म्हणाले, पण त्यांना राग आलेला दिसला नाही.

"धर्मशाळेत सगळ्याच आया देतात," मी म्हणाले. "स्कॅनआधी नाक कोरडं करून आणायला वॉर्डातून सांगितलं जातं."

मुंडल्यांनी सिस्टर कावळेंकडे पाहिलं. एवढा वेळ शांत उभ्या असलेल्या सिस्टरांच्या कपाळावर आठी पडली.

"मी असं कधीही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सर, वीस वर्षं झाली मला. सर्दी असेल तर आणू नका, एवढंच मी सांगते. या बायका काहीही पाजतात पोरांना. मांत्रिकाची राख पाजतात, कोंबडीचं रक्त पाजतात. वाचता येत नाही, विचारायची अक्कल नाही, आणि मग नाव आमचं."

शुभांगीनं मान वर केली.

"काय म्हनलं तुमी?"

"जे खरं आहे ते."

"मी बारावी पास आहो," शुभांगी म्हणाली. "राख मी नाही पाजली. मले तुमी सांगतलं. इथंच, त्या पायरीवर. दुसऱ्यांदा वापस पाठवलं तवा. मी रडत होती तं म्हनलं, रडून काय होते, पुढच्या डाव नाक कोरडं करून आना. म्हनलं का नाही? मी म्हनलं, कसं करू, तं तुमी म्हनलं, आता थे बी मीच सांगू काय, मेडिकलवाल्याले विचारा. म्हनलं का नाही?"

सिस्टरांनी मुंडल्यांकडे पाहिलं.

"विचारलं मी मेडिकलवाल्याले. त्यानं बाटली देल्ली. सकाळ-संध्याकाळ देल्ली मी, स्कॅनच्या दिवसापर्यंत. तुमी सांगतलं तसं कोरडं करून आनलं मी नाक. अक्कल नाही म्हनते!"

प्रवीण तिच्याकडे बघत होता. त्यानं हात उचलला, तो मारण्यासाठी की कशासाठी हे त्यालाही कळलं नसावं. तो हात मग त्यानं वर्तमानपत्राच्या पुडक्यावर ठेवला.

"मंग पोरगी साफ आहे का नाही?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच प्रश्न माझ्यासाठी होता.

"माहीत नाही. औषध बंद करून पुन्हा स्कॅन केला तर कळेल. रसायन मुंबईहून बुधवारी येतं. नावं बंद व्हायच्या आधी होईल."

"अन् साफच निघाली तं?"

"तर मी तुमची बर्फी खाईन."

त्याला ते आवडलं नाही. मलाही बोलल्यावर आवडलं नाही.

सगळे गेल्यावर मुंडले खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. मी म्हणाले, "सर, सिस्टर हे वीस वर्षं सांगत असतील तर..."

"नाही."

"आपले जुने स्कॅन..."

"त्या भिंतीला हात लावायचा नाही." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "डाखोरेचा स्कॅन करा. बाकी एक शब्द नाही."

जुनी चित्रं माझ्याच खात्यात होती. मी ती उघडली. हाडं बघितली नाहीत, फक्त कानाखाली बघितलं. भिंतीवरच्या हारातल्या काही मुलांच्या कानाखाली काळोख होता. त्यांतला एक मुलगा घरी गेल्यावर सहा महिन्यांत परत आला होता आणि वॉर्डातच गेला होता. त्याचा फोटो अजून भिंतीवर होता, दुसऱ्या ओळीत, हसरा. ती चित्रं मी छापून मुंडल्यांच्या टेबलावर ठेवली आणि एक प्रत अभ्यास चालवणाऱ्या समितीला पाठवली. त्याचं मला काय झालं, ती वेगळी हकिकत आहे.

बुधवारी रसायन आलं. गुरुवारी पूर्वा भूल घेऊन कॅमेऱ्याखाली झोपली. नाकातून पाणी येत होतं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. धोका त्यांनी तपासला आणि तयार झाले. आईवडिलांना आत येऊ देत नाहीत. प्रवीण काचेबाहेरून हटला नाही. शेवटी मी त्याला माझ्या मागे पडद्याजवळ उभं केलं.

"हात लावायचा नाही. बोलायचं नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

चित्र डोक्यापासून खाली भरत येतं. कवटीची धूसर कड आली. मग जबड्याच्या मागे दोन्ही बाजूंना उजेड उमटला. एकसारखा, स्वच्छ.

"हे कानाखालचं?" तो कुजबुजला.

"हो."

"हे यायला पाह्यजे होतं ना?"

"हो. आता हा स्कॅन खरा आहे."

त्यानं सोडलेला श्वास माझ्या मानेवर आला. चित्र खाली सरकलं. हृदयाच्या जागी फिकट डाग आला, तोही असायलाच हवा होता. मग पाठीच्या कण्यात एक ठिपका आला. कंबरेत डावीकडे एक. उजव्या मांडीच्या हाडात वर एक, बारीक, पण ठाम.

"अन् हे?" प्रवीणनं विचारलं.

मी त्या ठिपक्यांच्या जागा कागदावर टिपल्या.

"मॅडम, हे बी यायला पाह्यजे होतं काय?"

"नाही."

तो पडद्यापासून मागे सरला. मग म्हणाला, "भेटलं ना तुमाले? पाह्यजे होतं थे?" आणि निघून गेला. त्याच संध्याकाळी त्यानं अभ्यासाच्या कागदांवर सही केली, पण माझ्या खोलीत येऊन नाही. सिस्टर कावळेंच्या हातून कागद मागवले.

त्या औषधानं पूर्वाला फार त्रास झाला. ते ज्या खुणेला धरतं, ती खूण वेदनेच्या मज्जातंतूंवरही असते. औषध चालू असताना तिला चादरीचा स्पर्शही सहन होत नसे. तिच्या किंकाळ्या खालच्या मजल्यावर माझ्या खोलीपर्यंत येत. एकदा जिन्यात शुभांगी भेटली, तर तिनं भिंतीला अंग चिकटवून मला वाट दिली. पदराचं टोकही लागू दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात पूर्वाचा पुढचा स्कॅन होता. त्या सकाळी बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. टोपीखालून पूर्वाचे आखूड काळे केस डोकावत होते आणि नाक धो धो वाहत होतं. नव्या सिस्टरनं तिच्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

"अहो, एवढ्या सर्दीत भूल कशी देणार? आज नाही व्हायचं. पुढची तारीख घ्या."

"तारीख नको," प्रवीण म्हणाला. "सुट्टी घेऊन आलो. सर्दी उतरेपर्यंत इथंच थांबतो."

"दोन-चार दिवस लागतील."

"लागू द्या."

शेजारच्या बाकावर एका तरुण बापाच्या मांडीवर दोनेक वर्षांचं पोर शिंकत होतं. बाप खिशातून बाटली काढून बूच फिरवत होता. प्रवीणनं हात लांब करून बाटली त्याच्या हातातून घेतली.

"ओ भाऊ, काय करता?"

"पाजू नको. नाक वाहू दे त्याचं."

"अन् वापस पाठवलं तं?"

"तं बैस माह्याजवळ."

मी चहाचा पेला घेऊन दारात उभी होते. प्रवीणनं मला पाहिलं. ओळख दाखवली नाही, मान वळवली. मग खिशातला ग्रीसचे डाग पडलेला रुमाल काढून पूर्वाच्या नाकाखाली धरला आणि म्हणाला, "शिंकर. जोरानं शिंकर, बेटा."